केदारनाथला बीपीच्या गोळ्या लागत नाहीत म्हणे!

काल मावशीकडे गेलो म्हार्दोळला, तर ती सोप्यावर बसून केदारनाथची बॅग भरत होती आणि बीपीच्या गोळ्यांची स्ट्रिप बाजूला फळीवर. म्हटलं ही का बाहेर? तर म्हणते, "अरे तिकडे लागतच नाही, हे वाच," आणि मोबाईल पुढे केला. तोच जुना फॉरवर्ड, ह्या खेपेला नवीन शेपूट लावून आलेला. इतके दिवस सोडून देत होतो, आता घरातच शिरला म्हणून लिहितोय.

मेसेज थोडक्यात असा: केदारनाथ ते रामेश्वरम आठ शिवमंदिरं 79 अंश 41 मिनिटांच्या रेखांशावर बरोब्बर एका रेषेत आहेत, त्या रेषेत ऊर्जा आहे म्हणून तिथं बीपी आपोआप नॉर्मल होतं आणि धाप लागत नाही, मंदिर 400 वर्षं बर्फाखाली होतं, पांडवांनी बांधलेली इमारत आहे तशी उभी आहे, आणि 2013 च्या पुरात खऱ्या भक्ताला काही झालं नाही.

आधी शेपूट, म्हणजे ते बीपीचं. केदारनाथ 3,583 मीटरवर आहे. तिथं हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन तृतीयांशाच्या आसपास, म्हणजे दर श्वासाला ऑक्सिजन साधारण एक तृतीयांश कमी. आपण आयुष्यभर समुद्रसपाटीला राहणारे, देवळाच्या चार पायऱ्या चढलो तरी कठड्याला धरून उभे राहतो, आणि गौरीकुंडाहून वर सोळा किलोमीटर चढ आहे. एवढ्या उंचीवर नाडी वाढते, बीपीही सहसा वाढतं, कमी होत नाही. आणि रोजची गोळी अचानक बंद केली तर काय होतं ते मावशीच्याच डॉक्टरांनी तिला दोनदा सांगितलंय, पण डॉक्टर फॉरवर्ड पाठवत नाहीत ना!

आता ती रेषा. फोनवर नकाशा उघडा, दोन मिनिटांचं काम. खुद्द केदारनाथ 79 अंश 4 मिनिटांवर, रामेश्वरम 79 अंश 19 वर, तिरुवण्णामलै परत 79 अंश 4, त्रिचीजवळचं तिरुवानैक्कावल तर 78 अंश 42, आणि कालेश्वरम 79 अंश 54. ह्या दोन टोकांमधली रुंदी सव्वाशे किलोमीटरच्या वर जाते, आपला अख्खा गोवा त्यात आडवा दोनदा झोपेल. कालहस्ती, कांची आणि चिदंबरम ही तीन खरंच जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत, ते मान्य, छान योगायोग आहे. पण मग सोमनाथ, महाकाल, त्र्यंबकेश्वर का गाळले? रेषेत बसत नाहीत म्हणून.

आणि रेषाच बघायची तर मावशीच्या घराजवळ आहे की. मंगेशी, म्हार्दोळची महालसा, रामनाथी, कवळ्याची शांतादुर्गा, सगळी फोंड्याच्या आजूबाजूला दोन-तीन किलोमीटरच्या पट्ट्यात उत्तर-दक्षिण. कुठली ऊर्जा? सोळाव्या शतकात पोर्तुगीज देवळं पाडत होते तेव्हा मंगेश कुठ्ठाळीहून, महालसा वेर्ण्याहून, रामनाथ लोटलीहून, शांतादुर्गा केळशीहून लोकांनी जुवारी नदी ओलांडून अंत्रुजात, म्हणजे ह्या फोंड्याच्या भागात, आणली, कारण तिथं पोर्तुगीजांचं राज्य नव्हतं. मावशीला हे तोंडपाठ आहे, तिच्या आजीने सांगितलेलं, तरी शेकडो कोसांवरची रेषा मात्र तिला लगेच पटते.

बर्फाचं मात्र अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करतो. डेहराडूनच्या वाडिया इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञाचा 2009 चा पेपर आहे 'करंट सायन्स'मध्ये, मंदिराच्या वरच्या चोराबारी हिमनदीवर. हिमनदीने लोटून आणलेल्या दगडांवर वाढलेल्या दगडफुलाचं वय मोजलं (हो, आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाचे भाऊबंद, बर्फ हटल्यावरच ते दगडावर धरतं) आणि त्यावरून थंडीचा काळ चौदाव्या शतकाच्या मध्यापासून 1748 पर्यंत काढला. मंदिर तेव्हा बर्फाखाली होतं हे मत त्याच संशोधनावरून पुढं आलं. पण मेसेजमध्ये त्याच 400 वर्षांचं "1300 ते 1900" झालंय, म्हणजे सहाशे वर्षं! मग 1882 चा जिऑलॉजिकल सर्व्हेचा फोटो आहे त्यात मंदिर उघड्यावर उभं कसं दिसतं?

पांडवांची गोष्ट गोष्ट म्हणून मला आवडते. शिव बैल होऊन पळाला, भीमाने धरला, वशिंड केदारला राहिलं, बाकीचे अवयव तुंगनाथ, रुद्रनाथ, मध्यमहेश्वर, कल्पेश्वरला. तिथल्या लिंगाचा उंचवट्यासारखा आकार बघितला की गोष्ट कुठून आली ते कळतं. पण ती चिऱ्यांच्या वयाचा दाखला नव्हे.

राहिला पूर, आणि इथं मला खरंच राग येतो. 17 जूनला सकाळी चोराबारी तलावाचा बांध फुटला, मागे मोठी शिळा अडकली म्हणून मंदिर वाचलं, आत थांबलेले काही लोकही वाचले, ते खरं. पण त्या आपत्तीत बेपत्ता झालेल्या 5,700 हून जास्त लोकांना उत्तराखंड सरकारने मृत धरलं, त्यातले कितीतरी यात्रेकरूच होते. ते खरे भक्त नव्हते का? हे त्यांच्या घरच्यांना तोंडावर सांगून बघा.

मावशी जाणार आहेच, भाऊबीजेला मंदिराचं दार बंद व्हायच्या आत. मी स्ट्रिप फळीवरून उचलून तिच्या कुंकवाच्या डबीत घातली, ती डबी ती कुठेच विसरत नाही.