मुलाचा नंबर मागू नका

आज दुपारी मुलाच्या क्लासकडून एक सूचना आली. प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःचा मोबाइल नंबर कळवावा, म्हणजे त्याला विद्यार्थ्यांच्या ग्रुपमध्ये घेता येईल, पालकांचा नंबर चालणार नाही, असे तीत ठळक अक्षरांत लिहिले होते. मुलगा दहा वर्षांचा आहे. दहा वर्षांच्या मुलाला स्वतःचा नंबर कशासाठी लागतो, असे मी विचारले, तर उत्तर आले, "मॅडम, बाकी सगळ्यांनी दिला आहे, फक्त तुमचाच राहिला आहे." या एका वाक्याने माझे डोके जे फिरले आहे ते अजून ठिकाणावर आलेले नाही, त्यामुळे पुढचे लिखाण थोडे तिखट झाले तर सांभाळून घ्या.

मुलांनी एकमेकांशी बोलावे, एकमेकांना गमतीजमती पाठवाव्यात, अभ्यास काय दिला आहे ते विचारावे, याला माझा मुळीच विरोध नाही. तुमच्यापैकीही कोणाचा नसेल. माझा विरोध आहे तो या बोलण्याच्या दारात मुलाचा मोबाइल नंबर मागत उभ्या असणाऱ्यांना. मोबाइल नंबर हा आता नुसता फोन करण्यापुरता राहिलेला नाही. तो शाळेच्या दप्तरी असतो, दवाखान्याच्या नोंदीत असतो, बहुतेक अ‍ॅप्सवर त्यानेच माणूस शोधता येतो, आणि एकदा तो चार लोकांच्या हाती गेला की परत घेता येत नाही. दहाव्या वर्षी मुलाच्या अंगावर असे गोंदण कशासाठी करून ठेवायचे?

माझ्या भाचीची गोष्ट काही जणांना ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगते. ती अकरा वर्षांची असताना सुट्टीतल्या एका चित्रकलेच्या शिबिराचा असाच ग्रुप निघाला. त्यात मुले होती, पालक होते, आणि कोणाच्या ओळखीने आले ते कोणालाच माहीत नाही असेही काही जण होते. ग्रुपमधल्या प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसत होता. एका संध्याकाळी तिला निरोप आला, "मी तुझ्याच बॅचमध्ये आहे, ओळखलेस का?" शेजारी एका कार्टूनचे चित्र. तिने भाबडेपणाने उत्तर दिले, मग रंगांविषयी, कागदाविषयी बोलणे झाले, आणि काही दिवसांनी त्याने तिचा फोटो मागितला. पोरगी शहाणी, तिने फोन तसाच ताईच्या हातात दिला. ताईने त्याला ब्लॉक केले आणि आम्ही सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. आठवडाही झाला नसेल, तो दुसऱ्या एका अ‍ॅपवर दुसऱ्या नावाने हजर. त्याच्या फोनमध्ये तिचा नंबर साठवलेला होता, आणि ती त्या अ‍ॅपवर आल्याबरोबर अ‍ॅपनेच त्याला तत्परतेने कळवले होते की तुमच्या ओळखीची व्यक्ती इथे आली आहे. तिथे ब्लॉक केल्यावर साधे फोन येऊ लागले. भाचीने मला विचारले, "मावशी, त्याला घालवला तरी तो परत येतो कुठून?"

मी आजचा राग त्या क्लासच्या बाईंवर काढते आहे, हे मला कळते. त्यांनाही पन्नास मुलांना वेळापत्रक कळवायचे असते, प्रत्येक पालकाला वेगळा फोन करणे त्यांना शक्य नसते, आणि हा ग्रुपचा उद्योगही त्यांना वरून कोणीतरी सांगितलेला असणार. पण वेळापत्रक पालकांच्या नंबरावरही पोहोचते. त्यासाठी मुलाचा नंबर लागत नाही.

"एवढे काय त्यात, व्हॉट्सअ‍ॅप सुरक्षित आहे, सगळे एन्क्रिप्टेड असते," असे एक गृहस्थ मला समजावून गेले. संदेशातला मजकूर वाटेत कोणाला वाचता येत नाही, हे खरेच आहे आणि ते मोलाचे आहे. पण माझ्या भाचीला आलेले निरोपही वाटेत कोणी वाचले नव्हते! जो वाचायला नको होता तोच दुसऱ्या टोकाला बसला होता, आणि त्याला तिच्या दारापर्यंत आणून सोडले होते ते नंबराने. नंबरावर उभ्या असलेल्या व्यवस्थेत हे होणारच. 2021 च्या एप्रिलमध्ये 53 कोटींहून अधिक फेसबुक वापरकर्त्यांचे नंबर उघड्यावर पडले होते (आणि हे मी फेसबुकवरच लिहिते आहे, हसायचे असेल तर हसून घ्या), ते मुळात मित्र शोधण्याच्या सोयीचा गैरवापर करून खरवडलेले होते. 2025 मध्ये व्हिएन्ना विद्यापीठाच्या संशोधकांनी नुसते नंबर घालून घालून सुमारे 350 कोटी व्हॉट्सअ‍ॅप खाती अस्तित्वात असल्याचे पडताळून दाखवले. कोणाचे कुलूप तोडावे लागले नाही. नंबर टाका आणि खाते आहे का विचारा, एवढेच.

सिग्नल या निरोपांच्या अ‍ॅपविषयी मला आदर आहे. ते एक ना-नफा संस्था चालवते, संदेशांचा मजकूर त्यांच्यापाशी नसतो, जाहिराती नाहीत, आणि 2024 पासून तिथे वापरकर्ता-नाव घेऊन आपला नंबर समोरच्यापासून लपवताही येतो. तरीही खाते उघडताना नंबर द्यावाच लागतो. 2022 च्या ऑगस्टमध्ये सिग्नलसाठी पडताळणीचे एसएमएस पाठवणाऱ्या ट्विलिओ या कंपनीत घुसखोरी झाली, तेव्हा सुमारे 1,900 वापरकर्त्यांचे नंबर धोक्यात आले. संदेश शाबूत राहिले, कच्चा दुवा ठरला तो नंबरच. मोठ्या माणसांसाठी मी आजही सिग्नलच सुचवेन, आणि मुलासाठी घरच्या लँडलाइनवर पडताळणीचा फोन घेऊन खाते उघडता येते हेही मान्य करते. मात्र लँडलाइन किती घरांत उरली आहे?

मग लोक पळवाटा सांगतात. पहिली म्हणजे, "तुमच्याच नंबरावर त्याचे खाते काढा." अहो, एका नंबरावर एकच खाते चालते, मुलाच्या फोनवर ते सुरू केले की माझे बंद पडते. दुसरी पळवाट म्हणजे जुने सिम. बंद पडलेले नंबर कंपन्या काही काळाने दुसऱ्या गिऱ्हाईकाला देतात, त्यामुळे मुलाच्या हाती कोणाचा तरी भूतकाळ येतो, आणि रिचार्ज चुकले की मुलाचा नंबर तिसऱ्याच्या हाती जातो. भाचीचा नंबर शेवटी ताईने बदलला. तो शाळेत, दवाखान्यात, ग्रंथालयात, नातेवाइकांकडे बदलून घेता घेता तिच्या नाकी नऊ आले. चूक त्या माणसाची, आणि पत्ता बदलायचा पोरीने!

माझे म्हणणे इतकेच आहे की मुलाला असा पत्ता द्यावा जो गरज पडल्यास फेकून देता येईल. तशी अ‍ॅप्स आहेत. मी माझ्या मुलासाठी थ्रीमा निवडले आहे. ते स्वित्झर्लंडमधल्या कंपनीचे आहे, एकदाच पैसे भरून घ्यावे लागते, आणि नंबर किंवा ईमेल न देता चालते. खाते सुरू करताना ते पडद्यावर बोट फिरवायला सांगते. मुलगा जीभ बाहेर काढून मोठ्या गांभीर्याने रेघोट्या ओढत बसला होता. त्या वेड्यावाकड्या रेघोट्यांतून निरोप कुलूपबंद करणारी गुप्त किल्ली तयार होते आणि आठ अक्षरांची एक ओळख मिळते. तीच त्याचा पत्ता. उद्या कोणी त्रास दिला तर ती ओळख रद्द करायची आणि नवी काढायची. शाळेला कळवायला नको, दवाखान्याला कळवायला नको.

त्यात मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे ठिपके. नुसती ओळख टाकून जोडलेल्या माणसापुढे एक लाल ठिपका दिसतो. समोरासमोर बसून एकमेकांचा क्यूआर कोड स्कॅन केला की त्याचे तीन हिरवे ठिपके होतात. आमच्या घरात नियम असा आहे की हिरव्या ठिपक्यांशिवाय कोणी यादीत येणार नाही, आणि अनोळखी माणसाचा निरोप मुळात पोहोचूच नये असे सेटिंग सुरू करून ठेवले आहे. मुलाचा मित्र घरी आला की दोघे फोनला फोन भिडवतात, हिरवे ठिपके आले की ओरडतात, आणि मग समोरासमोर बसूनच एकमेकांना निरोप पाठवतात. त्या कार्टूनच्या चित्रामागे लपलेल्याला हे जमले असते का? त्याला आधी ताईच्या दिवाणखान्यात येऊन बसावे लागले असते.

नंबर नाही म्हणजे आपोआप सगळे ठीक झाले, असे मात्र समजू नका. किक नावाचे अ‍ॅपही नंबर मागत नाही, आणि अनोळखी माणसांनी मुलांना गाठण्यासाठी ते वर्षानुवर्षे कुप्रसिद्ध आहे. नुसत्या नावावर कोणीही कोणालाही शोधू शकत असेल तर भाचीच्या बाबतीत जे नंबराने घडले ते तिथे नावाने घडेल. डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवरही ईमेलने खाते निघते, पण तो अनोळखी लोकांचा भर बाजार आहे. तेव्हा नंबर नको, आणि अनोळखी माणसाला शोधण्याची सोयही नको, असे दोन्ही पाहावे लागते.

थ्रीमा निर्दोष आहे असेही नाही. 2023 च्या सुरुवातीला झुरिकच्या ईटीएच या विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याच्या निरोप सुरक्षित ठेवण्याच्या जुन्या रचनेतल्या उणिवा दाखवून दिल्या होत्या, आणि कंपनीने तोवर नवी रचना आणली होती. ज्यांना याहून कडक काही हवे त्यांनी सिम्प्लेक्स पाहावे. तिथे वापरकर्त्याला कायमची ओळखच नसते, प्रत्येक मैत्रीसाठी वेगळा दुवा द्यायचा. कल्पना मला फार आवडते, पण फोन हरवला आणि आधी प्रत काढून ठेवलेली नसली की सगळे गेले, आणि मुले फोन हरवण्यात पटाईत असतात. डेल्टा चॅटमध्येही नुसते नाव टाकले की खाते निघते, ते फुकट आहे, आणि पैसे भरायची ज्यांची तयारी नाही त्यांना मी तेच सुचवेन. सेशनलाही नंबर लागत नाही, पण त्याचा पत्ता 66 अक्षरांचा असतो. एलिमेंट हौशी लोकांसाठी ठीक आहे, माझ्या आईला ते समजावताना मीच थकले. सगळ्यांकडे अ‍ॅपलचीच उपकरणे असतील तर आयमेसेज ईमेलवर चालते आणि मूल कोणाशी बोलू शकते याला मर्यादाही घालता येते, प्रश्न मिटला. पण "सगळ्यांकडे" हा शब्दच घोळ आहे. आणि फेसबुकच्या मेसेंजर किड्सचे नाव कोणी काढू नका. पालकांनी मान्य केलेल्यांशीच मूल बोलेल, असे सांगून ते 2017 मध्ये आणले, आणि 2019 मध्ये कळले की ग्रुपच्या वाटेने अमान्य माणसेही मुलांच्या गप्पांत येत होती. पुन्हा ग्रुपच!

आता मला टोचणारा आक्षेप. "त्याचे सगळे मित्र जिथे आहेत तिथे त्याला नाही म्हणालात तर तो एकटा पडेल." हो, थोडा पडतो. क्लासच्या ग्रुपवर काय विनोद झाला ते त्याला दुसऱ्या दिवशी कळते आणि तो रात्री माझ्याशी धड बोलत नाही. मला त्याचे वाईट वाटते. आतापर्यंत लिहिताना चढलेला माझा आवाज इथे आल्यावर उतरतो, हे लपवण्यात अर्थ नाही. पण त्याला खरोखर ज्यांच्याशी बोलायचे असते अशी मुले पाच-सहाच आहेत, आणि त्यांच्या आईवडिलांना थ्रीमा घ्यायला लावणे मला जमले. त्यातल्या एका बाबांनी पैसे भरावे लागतात म्हणून तोंड वाकडे केले, तेव्हा भाचीची गोष्ट सांगितली. त्यांनी पुढे काही न बोलता अ‍ॅप उतरवून घेतले.

लहान कंपनी उद्या बंद पडली तर काय, असेही विचारतील. पडू शकते. 'विकर मी' (Wickr Me) नावाचे अ‍ॅपही नंबर मागत नसे आणि ते 2023 अखेर बंद झाले. तसे झाले तर ही पाच-सहा मुले दुसरीकडे जातील आणि पुन्हा फोनला फोन भिडवतील. एका दुपारचे काम आहे.

शेवटचा प्रश्न ताईनेच विचारला होता, की मग तू त्याचे निरोप वाचतेस का. वाचत नाही. मी आठवड्याला त्याच्यासमोर बसून त्याच्याच हाताने यादी उघडून घेते आणि प्रत्येक नावासमोर तीन हिरवे ठिपके आहेत एवढे पाहते. आतमध्ये त्याने माझ्याविषयी काय लिहिले आहे याचा मला अंदाज आहे आणि ते वाचायची मला अजिबात इच्छा नाही. ज्यांना हे सगळे बसवून हवे असेल त्यांनी कमेंटमध्ये लिहावे, सेटिंग करून देईन. मुलाच्या ओळखीची प्रत आणि तिचा पासवर्ड तेवढा कागदावर लिहून कपाटात ठेवा, कारण तो विसरला तर कोणताही नंबर तुम्हाला वाचवायला येणार नाही.