चार अक्षरांवरून खेळाडू ठरत नाही

गेले काही महिने प्रशिक्षकांच्या आणि पालकांच्या ग्रुपवर एक तक्ता फिरतोय. सोळा चौकोन, प्रत्येकात चार इंग्रजी अक्षरांचा (जसं INTJ) एक स्वभावप्रकार आणि त्याखाली त्या प्रकारातले म्हणून नामवंत खेळाडूंचे फोटो. सोबतच्या मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं: महान खेळाडू ठरावीक दोन-तीन प्रकारांतूनच येतात, प्रकार जन्मजात असतो आणि बदलत नाही, उत्तम प्रशिक्षक ‘सेनापती’ प्रकारचाच असतो आणि मोठमोठे संघ अशा चाचण्या घेतात. म्हणून मुलांची आधी चाचणी करा, खेळ आणि संघातली जागा मग ठरवा.

मी मुलींना व्हॉलीबॉल शिकवतो. हा तक्ता मला पहिल्यांदा कळला तो एका चौदा वर्षांच्या मुलीच्या तोंडून. ती आमची सेटर, म्हणजे स्मॅश मारणाऱ्यांना चेंडू उचलून देणारी. सराव संपल्यावर माझ्यासोबत नेट गुंडाळत होती. मान वर न करता म्हणाली, “सर, कॅप्टन दुसऱ्या कुणाला तरी करा ना. मी अंतर्मुख प्रकारातली आहे. आमच्यात कॅप्टन होत नाहीत.” मोबाइलवर वीस मिनिटांत प्रश्न सोडवून तिला हे समजलं होतं. तीन वर्षं मी तिचा खेळ बघतोय. पास हवेत असतानाच ती एकदा नेटपलीकडे नजर टाकते, समोरची ब्लॉकर (नेटवर स्मॅश अडवणारी) कुठे झुकलीय ते हेरते आणि चेंडू बरोबर दुसऱ्या टोकाला काढून देते. हे तिला कुणी सांगावं लागत नाही. त्या तीन वर्षांपेक्षा ती वीस मिनिटं तिला जास्त खरी वाटली. मला ते फार लागलं, म्हणून त्या तक्त्यातला एकेक दावा घेऊन सविस्तर लिहितोय.

आधी ‘जन्मजात आणि कायमचा’ हा दावा. ज्या चाचणीवर हे सगळं उभं आहे ती मायर्स-ब्रिग्ज. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगने 1921 मध्ये स्वभावप्रकारांची मांडणी केली. तिच्यावरून कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ही प्रश्नावली बेतली. दोघींचंही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण झालेलं नव्हतं. तेवढ्यावरून चाचणी चुकीची ठरत नाही, पण तिच्या मोजण्यातच खोट आहे. अंतर्मुख-बहिर्मुख यासारख्या चार जोड्या घ्यायच्या आणि प्रत्येक जोडीत मधोमध रेघ मारून माणसाला या किंवा त्या बाजूला टाकायचं, अशी ही पद्धत. प्रत्यक्षात बहुतेक माणसं मध्याच्या आसपासच असतात. उद्या मी 165 सेंटिमीटरवर रेघ मारली आणि वरच्या सगळ्या ‘उंच’, खालच्या सगळ्या ‘बुटक्या’ असं ठरवलं, तर 164 आणि 166 ची मुलगी वेगवेगळ्या प्रकारांत जाईल आणि 166 ची मुलगी 190 वालीच्या गटात बसेल. अशा यादीवरून कुठलाही प्रशिक्षक ब्लॉकर निवडणार नाही.

रेघेजवळची माणसं पुढच्या खेपेला सहज पलीकडे जातात. धरा, एका जोडीत तेच उत्तर पुन्हा मिळण्याची शक्यता 85 टक्के आहे. ऐकायला हे उत्तम वाटतं. पण चारही अक्षरं तीच यायची तर 0.85 चा चार वेळा गुणाकार करावा लागतो आणि उत्तर येतं 52 टक्के. फेरचाचण्यांच्या अभ्यासांतही असंच दिसलं आहे: काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली की जवळजवळ निम्म्या लोकांचा प्रकार बदलू शकतो. आणि ही झाली मोठ्या माणसांची गोष्ट. चौदाव्या वर्षी मूल दर सहा महिन्यांनी वेगळं दिसतं, हे पालकांना मी सांगायला नको.

‘महान खेळाडू ठरावीक प्रकारचेच.’ तक्त्यावर इतके फोटो आहेत, पण त्यातल्या किती जणांनी ही चाचणी दिली आहे, याबद्दल तिथे एक अक्षर नाही. लांबून मुलाखती आणि सामने बघून कुणीतरी अक्षरं चिकटवली आहेत, तीही खेळाडू मोठा झाल्यानंतर. त्याच प्रकारचे जे हजारो जण शाळेच्या संघाच्या पुढे गेले नाहीत, त्यांना चौकोनात जागा नाही. त्यांना मोजल्याशिवाय ‘हा प्रकार यशस्वी’ असं म्हणताच येत नाही.

प्रत्यक्ष मैदानावर काय दिसतं ते बघा. 1980 च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात एका बाजूला बर्फासारखा थंड ब्यॉन बोर्ग, दुसऱ्या बाजूला पंचांशी भांडणारा जॉन मॅकेन्रो. चौथ्या सेटचा टायब्रेक मॅकेन्रोने 18-16 असा घेतला आणि पाचवा सेट बोर्गने 8-6 असा. पुढच्या वर्षी त्याच मैदानावर मॅकेन्रोने बोर्गला हरवलं. यातला विजेता स्वभाव कुठला? किंवा 2006 ची लाहोर कसोटी घ्या. सेहवाग आणि द्रविड सलामीला उतरले, 410 धावांची भागीदारी झाली. सेहवागच्या 254, द्रविड नाबाद 128. खेळपट्टी तीच, गोलंदाज तेच, काम तेच, आणि माणसं म्हणाल तर दोन टोकांची.

स्वभाव मोजून खेळाडू ओळखायची ही कल्पना नवीही नाही. अमेरिकेत 1960 च्या दशकाच्या अखेरीस ब्रूस ओगिल्वी आणि थॉमस टुट्को या मानसशास्त्रज्ञांनी खास खेळाडूंसाठी प्रेरणामापक प्रश्नावली काढली आणि ती व्यावसायिक संघांपर्यंत पोचली. त्यानंतर क्रीडा मानसशास्त्रात अशा चाचण्यांवर विश्वास ठेवणारे आणि शंका घेणारे असे दोन तटच पडले. पुढे सगळी आशा खेळाडूंच्या भावस्थितीच्या प्रश्नावल्यांवर लागली. 1995 मध्ये त्यांचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा खेळाडूंच्या यशातल्या फरकाचा एक टक्काही त्यातून उलगडत नव्हता.

स्वभावाला काहीच अर्थ नाही, असं मात्र मी म्हणत नाही. खेळणारे लोक न खेळणाऱ्यांपेक्षा सरासरीने थोडे अधिक बहिर्मुख असतात, असं बऱ्याच अभ्यासांत आढळलं आहे. माणसांना पेटीत न टाकता पट्टीवर मोजणाऱ्या चाचण्याही आहेत. त्यातला कर्तव्यदक्षतेचा गुण नोकरीतल्या कामगिरीशी जुळतो, पण तोही साधारण 0.2 इतकाच (0 म्हणजे काहीच संबंध नाही, 1 म्हणजे पूर्ण जुळणी). त्याचा वर्ग केला की कामगिरीतल्या फरकाचे 4 टक्के. उरलेले 96 टक्के दुसरीकडून येतात. गटाच्या सरासरीवरून समोरच्या एका मुलीचं भविष्य सांगणं हा तिच्यावर अन्याय आहे.

आता प्रशिक्षकांविषयीचा दावा. मला तो सगळ्यात घातक वाटतो, कारण त्यामुळे चांगले, शांत लोक हे काम सोडून देतात. फुटबॉल प्रशिक्षक ॲलेक्स फर्ग्युसन यांचा ड्रेसिंग रूममधला संताप प्रसिद्ध होता. त्यांनी प्रीमियर लीग 13 वेळा जिंकली. फुटबॉलचेच कार्लो ॲन्चेलॉटी शांत, आवाज न चढवणारे. त्यांनी प्रशिक्षक म्हणून चॅम्पियन्स लीग पाच वेळा जिंकली. प्रकार बघून नेमणूक करायची तर यातला एक जण दारातूनच परत गेला असता.

चांगला प्रशिक्षक नक्की करतो काय, हे मोजलं गेलंय. अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलचे प्रशिक्षक जॉन वुडन यांच्या संघाने 12 वर्षांत 10 राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. 1974-75 च्या हंगामात रोलंड थार्प आणि रोनाल्ड गॅलिमोर हे दोन संशोधक त्यांच्या सरावाला जाऊन बसले आणि त्यांची एकेक कृती टिपत गेले. अशा 2,326 कृती नोंदवल्या. त्यातल्या सुमारे 75 टक्के निव्वळ माहितीच्या होत्या: काय करायचं, कसं करायचं. कौतुक सात टक्क्यांच्या आसपास, नाराजीही जवळपास तेवढीच. चूक झाली की वुडन आधी बरोबर करून दाखवत, मग खेळाडूने केलं तसं, मग पुन्हा बरोबर. सगळं काही सेकंदांत, आणि सराव पुढे. यासाठी कुठलं अक्षर लागतं? हे कुणीही शिकू शकतो. मी शिकलो, आणि मी स्वतः कमी बोलणारा माणूस आहे.

प्रशिक्षण देऊन प्रशिक्षक बदलतो, हेही तपासलं गेलंय. रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल या मानसशास्त्रज्ञांनी लहान मुलांच्या बेसबॉल प्रशिक्षकांसाठी काही तासांची कार्यशाळा घेतली: चांगल्या प्रयत्नाला दाद द्या, चुकीनंतर धीर द्या आणि कसं सुधारायचं ते सांगा, शिक्षा करू नका. पुढच्या हंगामाला ज्या मुलांनी खेळ सोडला, त्यांचं प्रमाण शिकलेल्या प्रशिक्षकांकडे 5 टक्के होतं, न शिकलेल्यांकडे 26 टक्के. सामने दोन्हीकडे साधारण सारखेच जिंकले गेले होते. म्हणजे मुलं टिकली ती काही तास शिकून बदललेल्या वागण्यामुळे.

‘माझं वर्णन तंतोतंत जुळलं’ असं पुष्कळ जण सांगतात. 1948 मध्ये मानसशास्त्रज्ञ बर्ट्राम फोरर यांनी 39 विद्यार्थ्यांना चाचणीचा निकाल म्हणून स्वभाववर्णन दिलं, प्रत्येकाला शब्दशः एकच. विद्यार्थ्यांनी अचूकतेला पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले.

आणि ‘मोठे संघ वापरतात’? वापरतात म्हणून उपयोग होतो, असं नाही. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये खेळाडूंच्या निवडीआधी वंडरलिक ही बुद्धिमत्तेची चाचणी कित्येक दशकं घेतली जात होती. 2022 मध्ये ती बंद केली. मायर्स-ब्रिग्जची धुरा सांभाळणारी संस्था तर स्वतःच म्हणते, की निवडीसाठी ही चाचणी वापरणं नैतिक नाही. तक्ता पाठवणाऱ्यांनी किमान तेवढं तरी वाचायला हवं होतं.

त्या मुलीला मी यातलं काहीच सांगितलं नाही. कॅप्टनची कामं तिच्यासमोर एकेक करून मांडली: नाणेफेकीला जाणं, टाइमआउटमध्ये एक वाक्य बोलणं, चूक केलेल्या मुलीजवळ जाणं, पंचांकडे खुलासा मागणं. विचारलं, यातलं काय जमणार नाही? बराच वेळ गप्प राहून म्हणाली, “पंचांशी बोलायची भीती वाटते.” मग रोज सरावाच्या शेवटी मी पंच होतो, चुकीची शिट्टी वाजवतो आणि तिने नेटजवळ येऊन कारण विचारायचं. पहिल्या दिवशी तिचा आवाज माझ्यापर्यंत पोचलाच नाही. परवा पोचला.