लख्ख म्हणजे नेमकं कोणासाठी?

'प्रकाश जितका लख्ख तितकी वीज जास्त' असं सोलर पॅनलवरच्या या लेखात सरळ लिहून टाकलंय, ते अर्धवट आहे. लख्ख कोणाला दिसतो, आपल्या डोळ्यांना ना? डोळ्यांना साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचाच प्रकाश दिसतो, सिलिकॉनचा सोलर सेल मात्र पार ११०० च्या आसपासचा इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश पण वापरतो. छोटं पॅनल टेबलावर ठेवून मल्टिमीटर लावून बघा, आधी पांढरा एलईडी आणि मग जुना तारेचा बल्ब, लक्स मीटरवर (डोळ्यांना दिसणारा उजेड मोजणारं यंत्र) आकडा सारखा येईल अशा अंतरावर. मी केलंय, बल्बखाली करंट कितीतरी जास्त येतो, कारण त्याच्या प्रकाशाचा बराचसा भाग इन्फ्रारेडमध्ये असतो जो लक्स मीटर मोजतच नाही.

आणि कॅल्क्युलेटरवरच्या त्या काळपट सोलर पट्टीबद्दल एक ओळ तरी हवी होती, ती बहुतेक वेळा अमॉर्फस (स्फटिक नसलेल्या) सिलिकॉनची असते, बँड गॅप, म्हणजे वीज निघायला प्रकाशकणात लागणारी किमान ऊर्जा, साधारण १.७ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे इन्फ्रारेड जवळपास सोडूनच देते पण ट्यूबलाइटच्या मंद उजेडात मस्त चालते. लेखात घरातल्या सेन्सरला छपरावरच्या पॅनलचा तुकडा लावायला सांगताय, तिथे खरं तर हीच सुचवायला हवी होती.