एक आयडी मागितला होता राव, किडनी नाही

अरे टेबलात एक रो (ओळ) इन्सर्ट केली, नंबर म्हणजे आयडी तिला डेटाबेसनेच दिला, तो मला सांग एवढंच म्हणतोय ना मी? अख्खा शनिवार गेला यात.

जुना प्रोजेक्ट गळ्यात पडलाय, मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर डेटाबेसवरचा. आधीच्या महापुरुषाने इन्सर्टनंतर सरळ सिलेक्ट मॅक्स आयडी मारलंय, म्हणजे टेबलातला सगळ्यात मोठा आयडी तोच आपला. एकट्याने टेस्ट केलं की मस्त चालतं, पण दोन काउंटरवरून एकाच वेळी ऑर्डर पडली की ह्याचे आयटम त्याच्या बिलात आणि शिव्या मला.

म्हणून ॲट ॲट आयडेंटिटी टाकलं, ते आपल्या कनेक्शनवर शेवटचा तयार झालेला आयडी देतं. आठवडाभर शांतता. मग कोणीतरी न सांगता ऑर्डरच्या टेबलवर ऑडिटचा ट्रिगर (रो पडली की आपोआप चालणारा कोड) लावला, तो ट्रिगर लॉगच्या टेबलात स्वतःची रो टाकतो, आणि हे बाळ मला त्या लॉगचा आयडी आणून देतंय!! कारण ते फक्त सेशन (आपलं कनेक्शन) बघतं, स्कोप (रो नेमकी कुठल्या कोडने टाकली) बिप काही नाही. बरं एरर तरी दे, तर तेही नाही, आकडा येतो, खरा वाटतो, फक्त दुसऱ्याचा असतो. (फॉरेन की, म्हणजे हा आयडी ऑर्डरच्या टेबलात असलाच पाहिजे असा नियम, असती तर निदान बोंबललं असतं, पण त्या महापुरुषाला फॉरेन कीची ॲलर्जी.)

मग स्कोप आयडेंटिटी, जे ट्रिगरचं सोडून आपल्याच कोडचा आयडी बघतं. हे बरोबर देतं पण देतं न्यूमेरिकमध्ये, म्हणजे सी शार्पमध्ये डेसिमल, थेट इंटमध्ये (पूर्णांकात) कास्ट केलं की एक्सेप्शन. कॉलम इंट, मला हवा इंट, मधेच हा डेसिमल कुठून उपटला??

शेवटी म्हटलं आउटपुट क्लॉज वापरू, म्हणजे इन्सर्टच टाकलेल्या रो परत देईल, २००५ पासून आहे, दहा रो टाकल्या तर दहाही आयडी देतो. तर एरर ३३४, टेबलवर ट्रिगर असेल तर इनटू (आधी दुसऱ्या टेबलात ओत) लावल्याशिवाय चालणार नाही म्हणे. परत तोच ट्रिगर! मग टेबल व्हेरिएबल (तात्पुरतं टेबल) डिक्लेअर करा, त्यात ओता, त्यातून सिलेक्ट करा. एका आकड्यासाठी. तिकडे दुसऱ्या डेटाबेसचे, पोस्टग्रेसवाले २००६ पासून रिटर्निंग आयडी लिहून चहाला जातात. मायएसक्यूएलवाल्यांनी हसू नये, तुमचं लास्ट इन्सर्ट आयडी एका इन्सर्टमध्ये पाच रो टाकल्या तर पहिल्या रोचा आयडी देतं, नाव लास्ट.

ट्रिगर कोणी लावला विचारलं तर कोणीच कबूल होईना. ऑडिटच्या टेबलातून काही कळतंय का बघितलं, युजरच्या कॉलममध्ये वरपासून खालपर्यंत एकच ॲडमिन लॉगिन, एसए.