फ्रिजमधला भात आणि मधुमेहाची गोळी

‘शिजवलेला भात रात्रभर ठेवला की त्यातले स्टार्चचे कण पुन्हा मिटतात, म्हणजे पहिल्यासारखे घट्ट होतात, त्यांचा तंतू (फायबर) होतो आणि साखर वाढत नाही; मधुमेह्यांनी असा भात पोटभर खावा, गोळीची गरज उरत नाही’ असा संदेश सध्या ठाण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरतो आहे. आयोडीनने भात निळा झाला म्हणजे त्यात साखर आहे, पेज काढून टाकली की सगळे स्टार्च जाते आणि भात रात्रभर ओट्यावर ठेवावा, असेही त्यात जोडलेले आहे. तो नौपाड्यात राहणाऱ्या माझ्या आत्यापर्यंत पोहोचला आणि तिने रात्रीची गोळी परस्पर बंद केली, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

कण पुन्हा मिटतात, हे मुळातच खोटे आहे. तांदळातला स्टार्चचा कण जेमतेम ३ ते ८ मायक्रोमीटरचा असतो आणि वनस्पती तो मध्यापासून बाहेरच्या दिशेने थरावर थर चढवत घडवते. त्यातल्या अ‍ॅमायलोपेक्टिन या फांद्याफांद्यांच्या रेणूच्या शेजारशेजारच्या साखळ्या एकमेकींना पीळ घालून स्फटिकासारख्या शिस्तीत बसतात. जिथे फांद्या फुटतात तिथे मात्र विस्कळीत पट्टा असतो, आणि शिस्तीचा व विस्कळीत अशी ही जोडी सुमारे ९ नॅनोमीटरच्या अंतराने पुन्हा पुन्हा येते. अ‍ॅमायलोज या स्टार्चमधल्या दुसऱ्या रेणूच्या बहुतांशी सरळ साखळ्या या रचनेत अधूनमधून असतात. भात शिजताना, साधारण ६० ते ७८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान, पाणी आत शिरते, कण फुगतो, पीळ सुटतात आणि अ‍ॅमायलोज बाहेर झिरपते. गार झाल्यावर काही साखळ्या पुन्हा एकमेकींना बिलगतात हे खरे, पण ती जुनी रचना नव्हे: उसवलेल्या स्वेटरची लोकर गुंडाळून ठेवली म्हणून स्वेटर परत होत नाही.

या नव्याने बिलगलेल्या भागाचे पचन लहान आतड्यात होत नाही, म्हणून त्याला प्रतिरोधी स्टार्च म्हणतात. संदेशात खरे आहे ते इतकेच, आणि तेवढे मान्य करावे लागते. परंतु प्रमाण पाहा. इंडोनेशियातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १०० ग्रॅम ताज्या भातात असे स्टार्च ०.६४ ग्रॅम होते. ४ अंशांवर २४ तास ठेवून पुन्हा गरम केलेल्या भातात ते १.६५ ग्रॅम भरले. म्हणजे १०० ग्रॅम भातातल्या सुमारे २८ ग्रॅम कर्बोदकांपैकी जेमतेम एका ग्रॅमचा फरक. त्या अभ्यासात जेवणानंतरची साखरेची वाढ सुमारे १८ टक्क्यांनी कमी दिसली, ती १५ निरोगी माणसांमध्ये, मधुमेह्यांमध्ये नव्हे. ‘कमी वाढली’ याचे ‘वाढत नाही’ करून, त्यावर ‘गोळीची गरज नाही’ असे लिहिणाऱ्याने इथे लोकांच्या जिवाशी खेळ केला आहे. पोटभर खाल्लेल्या गार भातातले बाकीचे स्टार्च नेहमीसारखेच ग्लुकोज होऊन रक्तात उतरते, आणि गोळी कमी करायची की नाही हे तपासणीचे आकडे पाहून डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

‘आयोडीनने भात निळा झाला म्हणजे त्यात साखर आहे’ हा मुद्दा शाळकरी प्रयोगातही टिकणार नाही. अ‍ॅमायलोजच्या पिळात आयोडीन अडकल्याने तो रंग येतो, ग्लुकोजने येत नाही. पेज काढून टाकल्याने सगळे स्टार्च जाते, हेही चूक. बहुतेक स्टार्च शितातच राहते.

भात रात्रभर ओट्यावर ठेवण्याचा सल्ला मात्र वेगळाच धोकादायक आहे. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही टिकतात, आपल्याकडच्या दमट उकाड्यात भात बाहेर राहिला की ते वाढतात, आणि त्यांचे उलटी आणणारे विष भात पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. उरलेला भात पसरट भांड्यात लवकर गार करून तासाभरात फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करून, नेहमीच्याच मापाने वाढून घ्यावा.