फेदरचा बाप आणि त्याच्यावरचे आक्षेप

अँजेला जॉन्सन यांच्या ‘द फर्स्ट पार्ट लास्ट’ या 2003 सालच्या अमेरिकन किशोर कादंबरीबद्दल एक मत वारंवार कानावर येतं. सोळा वर्षांचा मुलगा तान्ह्या लेकीला एकट्याने वाढवतो, म्हणजे लेखिकेने कोवळ्या वयातलं बापपण गोंडस करून दाखवलं. आईला सोयीने बाजूला सारलं, म्हणून मुलाला हिरो होता आलं. आणि पुरस्कार मिळाले ते विषयाला, लेखनाला नव्हे. मला हे पटत नाही. दुसऱ्या आक्षेपात थोडं तथ्य आहे, त्याकडे येतेच.

आधी ‘गोंडस’. न्यूयॉर्कच्या बॉबीला सोळाव्या वाढदिवशीच त्याची मैत्रीण निया सांगते की तिला दिवस गेलेत. तिथून प्रकरणं ‘आत्ता’ आणि ‘तेव्हा’ अशी आलटून पालटून येतात. ‘आत्ता’मध्ये त्यांची लेक फेदर रात्री रडते आणि उठायचं बॉबीनेच. बॉबीची आई त्याच घरात असते, पण तुझं मूल तूच सांभाळ, यावर ती ठाम. एक दिवस त्याला हे झेपेनासं होतं. लेकीला शेजारणीकडे सोडून तो शाळा बुडवतो, भिंतीवर स्प्रेने चित्र काढत बसतो आणि पोलीस त्याला धरून नेतात. यात गोंडस काय आहे? त्याहून परिणाम करते ती मांडणी. ‘आत्ता’मध्ये बाळ आहे आणि निया नाही, हे आपल्याला पहिल्यापासून दिसत असतं. त्यामुळे ‘तेव्हा’मधली डॉक्टरांची भेट, दोघांच्या घरच्यांची बोलणी, बाळ दत्तक देण्याचा विचार, हे सगळं वाचताना पोटात गोळा येतो. दुसऱ्यांदा वाचताना तर मला ती आनंदाची पानंच जास्त जड गेली.

अशा पुस्तकांनी मुलं बिघडतात असंही म्हणतात. अमेरिकेत 15 ते 19 वयाच्या दर हजार मुलींमागे 1991 साली सुमारे 62 बाळंतपणं होत; 2003 साली सुमारे 41, आणि 2020 साली 15च्या आसपास. याचं श्रेय मी कुठल्याच कादंबरीला देणार नाही, पण मग दोषही देता येणार नाही.

आता निया. एक्लॅम्पसिया, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढून येणारे झटके, आणि त्यातून ती कधीच न संपणाऱ्या बेशुद्धीत जाते. हा धोका पहिलटकरणीला जास्त, त्यातही किशोरवयीन मुलीला. तेव्हा हे संकट ओढूनताणून आणलेलं नाही. शिवाय निया शुद्धीवर असती तर फेदर दत्तक गेली असती. दोघांचं तसं ठरत आलं होतं. बॉबीचा निर्णय बदलतो तो निया गेल्यासारखीच झाल्यामुळे. त्यात जबाबदारी किती आणि दुःख किती, हे मला अजूनही वेगळं करता येत नाही, आणि लेखिकाही ते वेगळं करून देत नाही. हिरो असा घडवत नाहीत.

तथ्य आहे ते इथे: नियाच्या तोंडून एकच छोटं प्रकरण येतं. बाकी ती बॉबीला दिसली तेवढीच आपल्याला दिसते. तिला आणखी जागा हवी होती, हे मान्य. पण मुलावर रोखलेली नजर हाच मला या पुस्तकाचा मोठा गुण वाटतो. आपल्या भाषेत ‘कुमारी माता’ हा शब्द रुळलेला आहे. ‘कुमार पिता’ मी कधी ऐकला नाही. पाऊल घसरतं तेही मुलीचंच.

पुरस्कारांचं थोडक्यात. 2004 साली या कादंबरीला किशोर साहित्यासाठीचा अमेरिकेतला प्रिंट्झ पुरस्कार मिळाला. त्याच्या नियमांतच लिहिलंय की पुस्तकाचा संदेश आणि लोकप्रियता हे निकष नाहीत. पाहायची ती साहित्यिक गुणवत्ता. त्याच वर्षी मिळालेला कोरेटा स्कॉट किंग पुरस्कार आफ्रिकन-अमेरिकन लेखकांसाठी आहे, म्हणून ‘विषयाला मिळाला’ असं कुणी म्हणेल. पण कृष्णवर्णीय बाप म्हणजे पळून गेलेला बाप, या ठरीव चित्रात हे पुस्तक बसतच नाही. बॉबीचे आईवडील विभक्त असले तरी वडील, फ्रेड, त्याच्या आयुष्यात आहेत. दोन्ही घरं खाऊनपिऊन सुखी आहेत.

शिवाय फेदरला घेऊन ओहायोत राहणारा बॉबी, जॉन्सन यांच्याच ‘हेवन’ या आधीच्या कादंबरीत 1998 सालीच वाचकांना भेटला होता. तिथे तो सावरलेला बाप आहे. गोंडस गोष्टच सांगायची असती तर त्याला तिथून पुढे नेता आलं असतं. जॉन्सन मागे गेल्या, त्या जागरणांकडे आणि नियाच्या खाटेपाशी.