गावाची श्रीमंती कुठून मोजायची?

सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी आमचं गाव. पाहुणा आला की वेशीतच म्हणतो, "लई सुधारलंय की तुमचं गाव." खोटं नाही ते. दुतर्फा स्लॅबची घरं, दारात चारचाकी, दोन दूध डेअऱ्या, पतसंस्था. आजोबांच्या वेळी इथं जोंधळा आणि हरभरा होता. नदीवरून लिफ्टचं पाणी आलं, ऊस आला आणि गावाचे दिवस पालटले. माझ्या शिक्षणाची फी उसाच्या बिलातून भरली गेली, त्यामुळे उसाला नावं ठेवायला मी बसलेलो नाही.

पण दरवर्षी नोव्हेंबरात गावाबाहेरच्या पडीक रानात बीडकडच्या ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे दोघांची मिळून एक जोडी धरायची. टोळी आणणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत सुटका नाही, आजारी पडलं तरी खाडा. बाई अंधारात उठून भाकरी थापते, दिवसभर ऊस तोडते, मग डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढते. सांजेला वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, चाऱ्यासाठी विकून मीठ-मिरचीचे पैसे निघतात. तोडणीचा दर जानेवारी 2024 मध्ये 34 टक्के वाढला, तेव्हा कुठे तो टनाला साडेतीनशेच्या वर गेला. आमच्या बंगल्याची एकेक वीट या हातांवरून आली आहे आणि गावाच्या कुठल्याच हिशेबात हे हात नाहीत.

मी सहावीत असताना त्यातली एक बाई कळशी घेऊन प्यायचं पाणी मागायला आली होती. तिला "पाटाचं घे" म्हणून परत पाठवलं गेलं. ते घर आमचंच होतं. तिच्या कडेवरच्या पोराला सांभाळणारी मुलगी माझ्याच वयाची होती. ही शाळेत का नाही, असं आम्हा कुणालाच वाटलं नाही. मला आजही ती कळशी दिसते.

म्हणून मला हिवरे बाजार पुन्हा पुन्हा आठवतं. नगर तालुक्यातलं, जेमतेम 400 मिलिमीटर पावसाचं गाव. 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान सुरू झालं. बांधबंदिस्तीचं कौतुक सगळेच करतात. मला मोठी वाटते ती पुढची गोष्ट. पाणी वाढल्यावरही त्यांनी ऊस आणि केळीला नाही म्हटलं, शेतीसाठी बोअर घेणं बंद केलं. दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात: आधी माणसं, मग जनावरं, उरेल त्यावर पिकं. आणि चराई थांबल्यावर डोंगरावर जे गवत आलं ते गावाचं. ते विळ्यानं कापून न्यायचं. ज्याच्याकडे एकरभरसुद्धा रान नाही, त्याच्या दावणीलाही गाय उभी राहिली. गावातून शहरात गेलेली कुटुंबं परत आली.

आमच्याकडे पाणी त्यांच्या कितीतरी पट. तरी ज्याचा पाईप मोठा त्याचं पाणी, असाच हिशेब राहिला. नदीकडची काळी रानं अति पाण्यानं चोपण, म्हणजे खारवट आणि नापीक, झाली, कडेला पांढरा क्षार फुललाय. माझ्या चुलत्यांच्या दीड एकरात आता लव्हाळ्याशिवाय काही येत नाही. भूमिहीन घरातली पोरं एमआयडीसीत ठेकेदाराकडे जातात. हे गाव श्रीमंत आहे, यावर माझा विश्वास बसत नाही. इथं काही घरं श्रीमंत आहेत.

सगळं बदलायला वेळ लागेल, मान्य. ठिबक, निचऱ्याचे पाईप, पीकपालट यावर बोलू तेवढं थोडं. पण कोप्यांजवळ दोन नळ, चार संडास आणि पोरांसाठी शाळेतली एक खोली, एवढ्यासाठी ग्रामपंचायतीला पैसा कमी नाही. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी हा विषय लेखी देणार आहे. कारखान्याचं धुराडं पेटायच्या आत नळ बसले पाहिजेत. गावातल्या ज्यांना पटतंय त्यांनी त्या दिवशी सकाळी चावडीपाशी या, अर्जावर सह्या हव्यात.